दुधाचं नातं आणि एकटी पडलेली आई

गेल्या वर्षीची गोष्ट. रमजानचे दिवस होते. सहरी आटोपून मी भांडी आवरत होते आणि फोन वाजला. भाचीचा होता. तीन दिवसांपूर्वी तिची प्रसूती झाली होती, एकतिसाव्या आठवड्यातच. बाळाचं वजन तेराशे ग्रॅम. ते काचेच्या पेटीत होतं, नाकात नळी होती आणि त्या नळीतून त्याला दर दोन तासांनी काही थेंब दूध द्यायचं होतं. पण भाचीला अजून पुरेसं दूध येत नव्हतं. पिळून पिळून वाटीच्या तळाला लागेल एवढंच निघायचं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की इतक्या कोवळ्या आतड्यांना डब्याची पावडर झेपेलच असं नाही. रुग्णालयात दूधपेढी आहे, दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध आहे, ते तुमचं येईपर्यंत देऊ. फक्त या कागदावर सही करा.

भाचीच्या सासूबाईंनी तिथंच अडवलं. त्या मला फोनवर म्हणाल्या, "आपा, दूध किसका है पूछे तो बताते नई बोल रहे. कल कू बच्चा बडा हुआ, किसी से रिश्ता लगा, तो क्या करना?"

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. घरातल्यांचा असा समज आहे की उर्दू शिकवणाऱ्या बाईला दीनच्या सगळ्या किताबा पाठ असतात. तसं काही नाही. पण भाचीचा प्रश्न साधा होता, "खाला, सही करू का?" मी म्हटलं, "कर. अम्मीजानशी मी बोलते."

तिनं सही केली. पण ती बरोबर होती का, हा प्रश्न आठवडाभर घरात फिरत राहिला. सासूबाईंची शंका मी उडवून लावू शकत नव्हते. ती अडाणीपणाची शंका नव्हती, तिच्यामागे चौदाशे वर्षांचा विचार होता. म्हणून मी वाचायला बसले. वाचता वाचता जे सापडलं, ते नुसतं लग्नाच्या नियमांबद्दल नव्हतं. पाजणारी बाई एकटी पडू नये, यासाठी माणसांनी केलेल्या व्यवस्थांचा तो इतिहास होता. ती व्यवस्था कशी मोडली, त्याचाही.

सुरुवात अरबस्तानापासूनच करायला हवी. मक्केतल्या घरांमध्ये तान्हं मूल वाळवंटातल्या टोळ्यांकडे सोपवायची रीत होती. तिथली हवा मोकळी, भाषा शुद्ध आणि रोगराई कमी, असा समज होता. टोळीतल्या बायका शहरात यायच्या, मुलं घेऊन जायच्या. बदल्यात बापाकडून मोबदला मिळायचा. बनू साद टोळीतल्या हलीमा अशाच मक्केत आल्या होत्या. पैगंबर (स.) यांचे वडील त्यांच्या जन्माआधीच वारले होते. अनाथ मुलाकडून काय मिळणार, म्हणून बाकीच्या बायकांनी ते मूल घेतलं नाही. हलीमांनीही आधी टाळलं आणि रिकाम्या हातानं परत कसं जायचं म्हणून शेवटी घेतलं. सीरतच्या पुस्तकांत हे अगदी मोकळेपणानं लिहिलेलं आहे. पाजणं हे काम होतं, त्याला दाम होता आणि तसं म्हणण्यात कुणाला लाज वाटत नव्हती.

हलीमांच्या आधी काही दिवस सुवैबा नावाच्या बाईनं त्यांना दूध पाजलं होतं. सुवैबा अबू लहबच्या घरातली दासी. तिनंच हजरत हमजा यांनाही पाजलं होतं. त्यामुळे हमजा हे पैगंबरांचे काका असूनही दूधभाऊ झाले. पुढे हमजा यांच्या मुलीशी लग्नाचा विषय निघाला तेव्हा पैगंबरांनी तो याच कारणानं नाकारला. चुलत बहीण चालली असती, पण दूधभावाची मुलगी म्हणजे पुतणी.

मला मात्र जास्त भावला तो हुनैनच्या लढाईनंतरचा प्रसंग. साल इसवी ६३०. हवाजिन टोळीचा पराभव झाला, सुमारे सहा हजार माणसं कैद झाली. बनू साद ही त्याच हवाजिनची शाखा. कैद्यांमध्ये एक प्रौढ बाई होती. ती म्हणाली, मी तुमच्या नेत्याची बहीण आहे. तिचं नाव शैमा, हलीमांची मुलगी. लहानपणी तिनं पैगंबरांना कडेवर खेळवलं होतं. ओळख पटली तेव्हा त्यांनी आपली चादर पसरून तिला तिच्यावर बसवलं. नंतर टोळीची माणसं कैद्यांसाठी रदबदली करायला आली. त्यांचा मुद्दा असा होता, की या कैद्यांमध्ये तुमच्या दुधाकडून लागणाऱ्या मावश्या आणि आत्या आहेत. कैदी सोडून दिले गेले. साठ वर्षांपूर्वी एका बाईनं एका अनाथ मुलाला पाजलं होतं, ते दूध तिच्या अख्ख्या टोळीच्या उपयोगाला आलं.

कुराणात या विषयावर ज्या आयती आहेत, त्यांतली एकच आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. सूरह निसाची २३वी. ज्यांच्याशी लग्न करता येत नाही अशा नात्यांच्या यादीत तिथं दूधआई आणि दूधबहीण येतात. पण दोन आयती आणखी आहेत. सूरह बकराच्या २३३व्या आयतीत पूर्ण मुदत पाजायची असेल तर ती दोन वर्षं, असं सांगून लगेच म्हटलंय की त्या काळात आईच्या जेवणाची आणि कपड्यांची जबाबदारी बापावर आहे. मुलामुळे आईला त्रास होऊ नये आणि बापालाही. बाप मेला तर ती जबाबदारी वारसावर. दूध सोडवायचं असेल तर दोघांनी सल्लामसलत करून ठरवावं. आणि दुसऱ्या बाईकडून पाजून घ्यायचं असेल तर ठरलेला मोबदला रीतसर द्यावा. सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत तर घटस्फोट झालेल्या बाईबद्दल सांगितलंय, की ती तुमच्या मुलाला पाजत असेल तर तिला तिची मजुरी द्या.

म्हणजे पाजणाऱ्या बाईचं अन्न, वस्त्र, मजुरी आणि मत या चार गोष्टींचा विचार तिथं आहे. आपण त्यातलं काय लक्षात ठेवलं? फक्त कोणाशी लग्न होणार नाही ते. मी माझ्या आयुष्यात किती निकाह पाहिले, किती बयाने ऐकली. दूधबहिणीशी निकाह हराम आहे हे शंभरदा ऐकलं. पाजणाऱ्या बायकोला नवऱ्यानं काय द्यायचं असतं, हे मिंबरवरून एकदाही कानावर पडलेलं आठवत नाही.

हे नातं आमच्या घरात पुस्तकातून आलेलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ तान्हा असताना शेजारच्या खालांना टायफॉइड झाला होता. त्यांचा मुलगा दोन महिन्यांचा. अम्मीनं दोन्ही मुलांना दोन महिने पाजलं. तो मुलगा तेव्हापासून आमचा भाऊ. त्याच्यासमोर आम्ही बहिणींनी कधी पडदा केला नाही. ईदला तो आधी आमच्याकडे येतो, मग सासरी जातो. अब्बा गेले तेव्हा जनाजाला खांदा द्यायला माझ्या भावाच्या शेजारी तोच होता. हे मी लहानपणापासून इतकं सहज पाहिलं, की यात विशेष काही आहे असं कधी वाटलंच नाही.

हिंदुस्थानच्या इतिहासात या नात्याची सगळ्यात ठळक उदाहरणं मुघलांच्या घरात सापडतात. दूध पाजणाऱ्या बाईला ते 'अनगा' म्हणत, तिच्या नवऱ्याला 'अतगा' आणि मुलाला 'कोका'. या नुसत्या हाका नव्हत्या, दरबारातले दर्जे होते.

अकबराचा जन्म १५४२चा, अमरकोटचा. हुमायून तेव्हा राज्य गमावून भटकत होता. अकबराला पाजणाऱ्या बायकांमध्ये जिजी अनगा होती. तिचा नवरा शम्सुद्दीन मुहम्मद. १५४०मध्ये कनौजच्या लढाईतून पळताना हुमायून गंगेत बुडायला आला होता, तेव्हा याच शिपायानं त्याला वर ओढलं होतं. पुढे तो अतगा खान झाला, मोठ्या पदापर्यंत पोचला. सगळ्या दायांची प्रमुख होती माहम अनगा. अकबर गादीवर आला तेव्हा तो तेरा वर्षांचा पोर होता आणि सुरुवातीच्या वर्षांत दरबारात माहमचा शब्द चालत होता. दिल्लीत पुराना किल्ल्यासमोर तिनं बांधलेली खैरुल मनाजिल मशीद आजही उभी आहे. १५६२मध्ये माहमच्या मुलानं, आदम खानानं, अतगा खानाचा खून केला. एका अनगेच्या मुलानं दुसऱ्या अनगेचा नवरा मारला. अकबरानं आदम खानाला गच्चीवरून खाली फेकायला लावलं आणि माहम त्या धक्क्यानं चाळीस दिवसांत गेली. दोन्ही मायलेकांसाठी मेहरौलीत मकबरा अकबरानंच बांधवला.

जिजी अनगाचा मुलगा अझीज कोका स्वभावानं फटकळ. बादशहाशी वाद घालायचा, न विचारता मक्केला निघून गेला. तरी अकबर त्याला सांभाळून घेत राहिला. आमच्या दोघांत दुधाची नदी आहे, ती मला ओलांडता येत नाही, अशा अर्थाचं तो म्हणत असे, असं इतिहासकार सांगतात. जिजी वारली तेव्हा अकबरानं तिच्या जनाजाला खांदा दिला आणि सुतक म्हणून केस-मिशा उतरवल्या. जहांगीरला पाजणारी बाई शेख सलीम चिश्तींची मुलगी होती. ती गेल्यावर आपण तिच्या जनाजाला खांदा दिल्याचं जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. शाहजहानच्या दाईनं बांधलेली मशीद लाहोरात आहे, दाई अंगाच्या नावानं ओळखली जाते.

आपल्या मुलखातलं उदाहरण तर मराठी शाळेतल्या कुठल्याही मुलाला ठाऊक असतं. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७, पुरंदरावर. सईबाईंची तब्येत ढासळलेली होती, दूध येत नव्हतं. तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ गडावर आली. दोन वर्षांनी, १६५९च्या सप्टेंबरात, सईबाई राजगडावर वारल्या. धाराऊ राहिली. तिच्या मुलांना राजांचे दूधभाऊ म्हणून मान होता. पुणे-सातारा रस्त्यानं जाताना कापूरहोळ लागतं. सहलीला नेलेल्या मुलांना मी तिथं बसमधूनच हे गाव दाखवते.

पण एवढ्यावर थांबले तर मी इतिहास नाही, कौतुक लिहीन. सुवैबा दासी होती, तिला नाही म्हणायची मुभा कितपत असेल? अनगेचं दूध शहजाद्याला गेलं तेव्हा तिच्या स्वतःच्या तान्ह्याच्या वाट्याला किती आलं? मेवाडच्या पन्ना दाईची कथा आपण त्यागाची म्हणून सांगतो. राजपुत्र उदयसिंहाच्या जागी तिनं स्वतःचा मुलगा मारेकऱ्यापुढे ठेवला. यातलं कौतुक बाजूला ठेवलं, तर गरीब बाईच्या मुलाचा जीव स्वस्त होता एवढंच उरतं. पुढे इंग्रजांच्या बंगल्यांमध्ये मडमेच्या बाळाला पाजायला इथल्या गरीब बायका ठेवल्या जात. त्यांची स्वतःची लेकरं मागे वस्तीत राहत. तिथं मजुरी होती, पण नातं नव्हतं. कोणी त्या बाईच्या मयतीला खांदा दिला नाही, तिच्या मुलाला कोणी भाऊ म्हटलं नाही. दुधाचं नातं मानण्याचा अर्थ मला इथं कळला. देणारीला विसरू नका, एवढाच तो आग्रह होता.

हिरकणीचीही गोष्ट घ्या. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली. दरवर्षी मी ही गोष्ट वर्गात सांगते. एकदा पाचवीतल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, पहारेकऱ्यानं दरवाजा का नाही उघडला?" मला उत्तर सुचलं नाही. आपण बुरुजाला आईचं नाव दिलं. दरवाजाबद्दल मात्र कुणी काही म्हटलं नाही.

त्या दरवाजाचा अनुभव मला माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी आला. साल २००६. प्रसूती एका खासगी दवाखान्यात झाली. टाके, ग्लानी, बाळ दुसऱ्या खोलीत. माझ्याकडे आणेपर्यंत त्याला बाटलीनं पाजून झालेलं होतं. घरी आल्यावर बाळ रडलं की कोणीतरी म्हणायचं, "इसकू दूध कम है." अम्मी लांब होती. चिल्ल्याचे चाळीस दिवस माहेरी काढायची रीत आमच्याकडे आहे. अछवानी, हरीरा, मालिश, शेक आणि बाळाला धरायला चार हात. पण मला पंधरा दिवसांतच सासरी यावं लागलं. आपली तशी रीतच आहे की बाळंतिणीला खाऊपिऊ घालायचं. पण बाळाला छातीला कसं लावायचं, ओढत नसेल तर काय करायचं, हे शेजारी बसून दाखवणारं कोणी नव्हतं.

मी तेव्हा विनाअनुदानित शाळेत होते. रजा तीन महिन्यांची, तीही बिनपगारी. परत रुजू झाले तेव्हा दुपारी तिसऱ्या तासाला छाती भरून यायची, दगडासारखी व्हायची. ओढणी दुहेरी करून मी फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. स्टाफरूममध्ये सगळे पुरुष. शेवटी शौचालयात उभं राहून पिळायचं आणि ओतून द्यायचं. चौथा महिना संपता संपता दूध आटलं. बरीच वर्षं मला वाटत होतं की माझ्या शरीरातच काही कमी होतं.

कमी काही नव्हतं. दूध जितकं काढलं जातं तितकं तयार होतं, इतकं साधं गणित आहे. बाळ ओढतं, मेंदूला निरोप जातो, दूध बनतं. पहिल्याच दिवसांत बाटली दिली की बाळ कमी ओढतं, मग दूध कमी होतं, मग आणखी बाटली लागते. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर? पण ते सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायका घरातून कमी झाल्या होत्या आणि त्यांची जागा डब्यानं घेतली होती.

डब्याचाही इतिहास आहे. स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी १८६७मध्ये तान्ह्या मुलांसाठी दूध-पिठाची पावडर बाजारात आणली. ज्या बाळाला आईच नाही, त्याच्यासाठी ती सोयच होती. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं म्हशीच्या दुधापासून बाळांचा आहार तयार करायची पद्धत शोधली आणि १९६०च्या सुमारास अमूलनं तो बनवायला घेतला. त्यात देशाभिमानही होता. अडचण झाली ती पावडर गरजवंतांपुरती राहिली नाही तेव्हा. गरीब देशांत स्वच्छ पाणी नाही, इंधन नाही, डबा महाग म्हणून पावडर पातळ करून पाजायची. सिसली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३९मध्ये सिंगापुरात भाषण करून या जाहिरातींमुळे बाळं मरतायत असं स्पष्ट सांगितलं होतं. जगानं ते ऐकायला चाळीस वर्षं लावली. १९८१मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं पावडरच्या विक्रीवर बंधनं सुचवणारी संहिता मंजूर केली. ११८ देश बाजूनं, विरोधात एकटी अमेरिका. भारतात १९९१मध्ये वर्ध्याला स्तनपानासाठी काम करणाऱ्या डॉक्टर-कार्यकर्त्यांचं राष्ट्रीय जाळं उभं राहिलं आणि १९९२मध्ये कायदा झाला. आज टीव्हीवर तान्ह्या बाळाच्या पावडरची जाहिरात दिसत नाही, डब्यावर गुबगुबीत बाळाचा फोटो नसतो, तो त्या कायद्यामुळे.

रजेचाही कायदा असाच भांडून मिळालेला आहे. १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. २०१७मध्ये रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. कायदा वाचताना मला सूरह बकराची तीच आयत आठवली. पाजणारीचा खर्च दुसऱ्या कुणीतरी उचलायचा असतो. फक्त आता त्या 'कुणीतरी'मध्ये मालक आणि सरकारही आलं. पण शेतमजूर बाई, धुणीभांडी करणारी बाई, घरी विड्या वळणारी बाई? त्यांची रजा कोण देणार?

आकडे पाहा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण जन्मल्यावर पहिल्या तासात छातीला लावली जाणारी बाळं ४१.८ टक्केच. आई दवाखान्यात पोचली. तिच्याजवळ बसून बाळाला छातीला लावून देणारं माणूस मात्र सगळीकडे पोचलं नाही.

आता पुन्हा त्या सहीकडे येते. जगातली पहिली दूधपेढी १९०९मध्ये व्हिएन्नात निघाली. आशियातली पहिली आपल्याच मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, २७ नोव्हेंबर १९८९ रोजी. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती उभी केली. धारावीला लागून असलेलं हे पालिकेचं रुग्णालय. तिथं येणाऱ्या आया सगळ्या जातीधर्मांच्या आणि बहुतेक गरीब. ज्यांना आपल्या बाळाचं भागून दूध उरतं, त्या ते देतात. देणारीची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवतात, तपासतात, गोठवून ठेवतात. पैसे कुणी कुणाला देत नाही. आणि अनेक आयांचं दूध बहुतेक वेळा एकत्र केलं जातं. सासूबाईंना 'किसका है' याचं उत्तर मिळालं नाही ते म्हणूनच.

या प्रश्नावर उलेमांमध्येही एकमत नाही. १९८३मध्ये यूसुफ करजावी यांनी दूधपेढी जायज असल्याचं मत दिलं. बाळ छातीला लागून प्यालेलं नाही, किती प्यालं आणि कुणाचं हे निश्चित नाही, आणि निव्वळ शंकेवरून नातं हराम ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोनच वर्षांनी, १९८५च्या डिसेंबरात, जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीनं मुस्लिम देशांत अशा पेढ्या काढायला मनाई केली. २०२४मध्ये कराचीत अशी पेढी सुरू होत असताना फतवा बदलला आणि ती थांबली. मजहबांमध्येही फरक आहे. आम्ही मराठवाड्यातले बहुतेक हनफी. आमच्यात एकदा पाजलं तरी नातं लागतं. कोकणातले मुसलमान शाफई. त्यांच्यात पाच वेळा पोटभर पाजल्याशिवाय लागत नाही. एकाच राज्यात, एकाच बाळासाठी, दोन उत्तरं.

मला वाटतं, मध्ये वाट आहे. मलेशियातल्या काही रुग्णालयांत देणारी आणि घेणारी कुटुंबं एकमेकांना माहीत असतील अशी सोय केली गेली. आपल्याकडेही सुरक्षिततेसाठी दात्याची नोंद ठेवावीच लागते. ज्या घराला हवं असेल त्याच्यासाठी एकाच आईचं दूध वेगळं ठेवणं आणि नोंद देणं, हे अवघड असेल पण अशक्य नाही. दवाखान्यांनी या शंकेला मागासपणा म्हणू नये. आणि आपण मशिदीतून, घरातून एवढं तरी सांगावं, की दुधाचं नातं हे बाळाला उपाशी ठेवायचं कारण नव्हे. ज्या शरीअतनं मरत्या माणसाला हराम अन्नाचीही मुभा दिली, ती तेराशे ग्रॅमच्या जिवाला दोन चमचे दूध नाकारेल?

आमच्या मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांनीही सासूबाईंना हेच सांगितलं. बच्चे की जान पहले.

नऊ दिवस त्या बाळाला पेढीचं दूध मिळालं. त्याच दिवसांत तिथल्या एका नर्सबाईनं भाचीला शिकवलं, दर दोन-तीन तासांनी पिळायचं, रात्रीसुद्धा, निघो न निघो. बाळाला उघड्या छातीवर धरून बसायचं. सहाव्या दिवशी वाटी अर्धी भरली. दहाव्या दिवसापासून तिचंच पुरू लागलं. आणि या सगळ्यात तिच्या शेजारी कोण होतं? सासूबाईच. रोजा ठेवून, रात्री दोनला उठून त्या तिला जागं करायच्या, वाटी उकळून आणायच्या, झाकण लावून बाळांच्या कक्षापर्यंत नेऊन द्यायच्या. ज्या बाईनं सही अडवली होती, तिच्यामुळेच भाचीचं दूध टिकलं, असं मी म्हणेन. माझ्या वेळी माझ्याजवळ असं कुणी असतं तर, हा विचार येतोच.

बाळ आता वर्षाचं झालं. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. जुमाच्या नमाजनंतर सासूबाई मुसल्यावर बराच वेळ बसून होत्या. घरच्यांसाठी, मय्यतीतल्यांसाठी दुआ मागून झाली. मग त्या हळूच म्हणाल्या, "और या अल्लाह, इसकी दूधमाँ कू, जहाँ भी हैं, जितनी भी हैं."

नाव माहीत नाही, धर्म माहीत नाही, एक होती की चार होत्या तेही माहीत नाही. पण त्यांनी नातं मानलं.